पहिली घंटी माशाची

त्याला सगळे घुबड म्हणायचे, आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. उलट कुणी नवखा माणूस मासे घ्यायला आला तर तोच सांगायचा, "घुबड कुठं राहतो विचारा, कुणीही घर दाखवेल." नाव पडलं होतं ते त्याच्या धंद्यावरून. नदीवर शिंगाळा मासा धरणारे दोन तऱ्हेचे, दिवसाचे आणि रात्रीचे, आणि दोघांत विस्तव जात नव्हता. दिवसाचे म्हणायचे, मासा तो मासा, भूक लागली की खाणारच. त्यावर घुबड उसळायचा. "अरे, त्या शिंगाळ्याचे डोळे बघा जरा, मोहरीएवढे! मग त्याला एवढाल्या मिशा दिल्यात त्या काय पीळ भरायला? अंधारात चाचपडत जेवणारा प्राणी आहे तो. दिवसा आपण त्याच्या दारी जायचं, रात्री तो आपल्या दारी येतो. कुणाच्या दारी जाऊन उभं राहायची मला सवय नाही बाबा." एवढं बोलून तो पचकन थुंकायचा. त्याच्या लेखी वाद तिथं संपलेला असायचा.

आणि बढाई खोटी नव्हती. पुलाच्या खाली, जिथं नदी वळण घेते तिथं, एक सपाट दगड होता. तो त्याचा. दोर पाण्यात सोडायचा, गळाला कोंबडीची कुजकी आतडी, दोराचं टोक काठावर ठोकलेल्या खुंटीला आणि खुंटीच्या शेंड्याला शेळीच्या गळ्यातली घंटी. मग चादर पांघरून दगडावर आडवं व्हायचं. घंटी वाजली की नवशिका ताडकन उठतो, दोराला हिसका देतो आणि रिकामा गळ बाहेर काढून नशिबाला शिव्या घालतो. कारण शिंगाळा आधी नुसता मिशीनं चाचपतो, जरा ओढून बघतो. तेव्हा गप्प राहायचं. दुसऱ्यांदा वाजली, की आमिष पोटात गेलं समजायचं आणि मग ओढायचं. 'पहिली घंटी माशाची, दुसरी आपली.' हे त्याच्या बापानं त्याला पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं, आणि ते इतकं अंगात मुरलं होतं की गाढ झोपेतसुद्धा पहिल्या घंटीला त्याचा हात हलत नसे.

लग्न झाल्यावर, मुलगी होईपर्यंत, बायकोही त्याच्याबरोबर नदीवर यायची. तिला खुंटी नको, घंटी नको. दोर बोटाला गुंडाळून बसायची आणि पहिल्या ओढीला डोळ्याची पापणीसुद्धा लववायची नाही. "अहो, तुम्हीच जास्त घाई करता," असं वर त्यालाच ऐकवायची. पुढे मुलगी झाली, बायको घरात अडकली, आणि रात्रीचा बिछाना अर्धा रिकामा हे त्या घरात गृहीतच धरलं गेलं. तिनं कधी कुरकुर केली नाही. पहाटे तो दार वाजवायचा, "अगं, उघड," आणि ती आतून विचारायची, "आलात? किती मिळाले?" आधी आकडा, मग कडी. असा त्यांचा संसार.

म्हातारपणी त्या संसाराला कीड लागली ती आधी कुणाला दिसलीच नाही. किल्ली कुठं ठेवली आठवेना, दूध उतू गेलं, शेजारणीचं नाव ओठांवर येऊन परत फिरलं. हे काय, सगळ्यांचंच होतं, असं म्हणत त्यानं तिकडे काणाडोळा केला. मग एका पहाटे तो मासे घेऊन घरी आला, तर दार सताड उघडं आणि आत कुणीच नाही. त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. बेकरीवाल्यानं तिला आणून सोडलं. भट्टी पेटवायला तो उठला, तर ही त्याच्या पायरीवर अनवाणी बसलेली. "आमचे हे नदीवरून आले नाहीत अजून, बघायला निघालेय," म्हणत होती.

डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की दिवसा त्या बऱ्या राहतील, माणसं ओळखतील, हसतील-बोलतील, पण अंधार पडायला लागला की त्यांचं बिनसत जाईल. रात्री एकटं ठेवायचं नाही, काही झालं तरी नाही. घुबड दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला. त्याच्या मनात एकच आलं, की मासा रात्री सापडतो आणि बायको दिवसा. आता काय करायचं माणसानं, स्वतःला उभं चिरायचं?

मुलगी दूर राहायची. ती आली, आईजवळ बसली, रडली, आणि जाताना बापाला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, पुन्हा एकदा आई अशी रस्त्यावर सापडली ना, तर मी तिला घेऊन जाणार. तिकडे अशा माणसांसाठी घर आहे. दारं बंद असतात, बायका असतात बघायला."

"आणि मी?"

"तुम्ही भेटायला या ना. रविवारी येऊ देतात."

ती वाईट बोलली नव्हती. आईसाठी तिचाही जीव तुटत होता. पण 'येऊ देतात' हा शब्द घुबडाच्या घशात असा अडकला की त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आपल्या बायकोला भेटायला आपल्याला कुणीतरी येऊ द्यायचं! त्यानं ठरवून टाकलं. रात्र बायकोची, दिवस नदीचा.

मग जन्मभर ज्यांना हिणवलं त्यांच्या रांगेत तो भर उन्हात जाऊन बसला. दिवसाच्या लोकांनी सोडलं नाही, सोडतील कसे? "काय घुबडराव, चष्मा आणू का काळा?" हसले. तोही ओठ ताणून हसला. पण खरी थट्टा नदीनं केली. ज्या दगडावरून तो डोळे मिटून दोर टाकायचा, तिथलं पाणी दिवसा त्याला ओळखीचंच वाटेना. रात्री जे खोल वाटायचं ते काठालगत उथळ निघालं, तळ चकाकत होता. धुणं धुणाऱ्या बायकांचा कलकलाट, वरून गाड्या, आणि चिल्लीपिल्ली मासळी येऊन गळावरचं आमिष कुरतडून नेई. शिंगाळा कुठंतरी मुळांच्या खाली, कपारीत, गार चिखलात पोट टेकवून निवांत पडलेला. त्याच्या दारी कसं जायचं हे या माणसाला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन तो बाजारावरून न जाता मागच्या गल्लीनं घरी यायचा. मासेवाली, जी जन्मभर त्याची वाट बघत हाका मारायची, ती वाटेत भेटली की आधी चिडवायची, मग विचारायची, आणि मग तिनं विचारणंही सोडलं. ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

एकदा चूल थंड पडायची वेळ आली तेव्हा त्यानं बाहेरून कुलूप लावलं आणि नदी गाठली. परत आला तेव्हा ती दारामागे बसली होती, दार बडवून बडवून हात सुजलेले, आवाज बसलेला. ते हात हातात घेऊन तो लहान पोरासारखा हुंदके देत राहिला. कुलूप त्यानं विहिरीत फेकून दिलं.

आणि मग त्याला घंटीची युक्ती सुचली. जे आयुष्यभर माशासाठी केलं तेच. झोपताना तिच्या मनगटात दोराचा सैल फास, दुसरं टोक स्वतःच्या उशाशी खिडकीच्या गजाला, आणि गजाला घंटी. ती उठून बसली की घंटी वाजे. पायांवर उभी राहिली की पुन्हा वाजे, आणि त्या आवाजानं तो जागा होऊन म्हणे, "कुठं गं?" ती म्हणे, "पाणी." किंवा, "हे आले नाहीत अजून." तो तिला पाणी पाजे, थोपटून निजवे. युक्ती साधली म्हणून तो स्वतःवरच खूश होता. दरवेळी आपण दुसऱ्या घंटीला उठतोय, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. यायचं तरी कसं? अंगात मुरलेलं ते.

शेवटी एक दिवस नदीला त्याची कीव आली. वळणाच्या पलीकडे, पडलेल्या झाडाच्या मुळांखाली पाणी काळं दिसत होतं. तो कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि आमिष हातानं थेट कपारीच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. गेला एकदाचा दारी! दिवसभर ऊन डोक्यावर घेतलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण तिथून हलला नाही. आणि उन्हं कलायच्या बेताला दोर ताणला. शिंगाळा निघाला, चांगला हातभर, मिशा फेंदारून, काटा उभारून. काट्यानं त्याचा तळवा फाडला तरी हा आपला हसतोय! मासेवालीनं तर टाळीच वाजवली. "जिवंत आहेस होय रे मेल्या?" घरी बायको अजून भानावर होती. तिनं त्याच्या हाताला हळद लावली आणि म्हणाली, "एवढ्या उन्हात कशाला जाता? रात्रीचं जात जा ना." तो जेवला, तिच्या मनगटात फास घातला, आणि दगड पडावा तसा झोपला.

झोपेत तो नदीवर होता. सपाट दगड, चादर, अंधार, सगळं जिथल्या तिथं. घंटी वाजली. पहिली. त्याच्या मनात आलं, आला बरं का, चाचपतोय. गप्प राहायचं. तो गप्प राहिला. दुसरीची वाट बघत राहिला, फार सुखानं वाट बघत राहिला.

दुसरी वाजलीच नाही.

गार वारा अंगावर आला म्हणून त्याचे डोळे उघडले. दोर ढिला पडला होता. सैल फास तिच्या उशीवर तसाच्या तसा गोल, आत मनगट नाही. दार उघडं. तो उठला आणि त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. घंटी वाजली होती. आपण ऐकली होती. आणि आपण थांबलो होतो. "मूर्खा, मूर्खा," म्हणत त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, हाताला लागला तो दोर उचलला आणि पळत सुटला.

बेकरीची पायरी रिकामी होती. मग नदी. दुसरं काही उरलंच नव्हतं.

ती होती. त्याच्या दगडाच्या पुढे, गुडघाभर पाण्यात, पातळ भिजून पायांना चिकटलेलं, पुढच्या काळोखाकडे टक लावून उभी. दोन पावलांवर खोल होतं. हे त्याला ठाऊक होतं, तिला आता आठवत असेल की नाही कोण जाणे.

"अगं! मागे ये!"

तिनं वळून बघितलं. चेहऱ्यावर ओळखीचं काही नाही, फक्त राग. "दादा, हळू बोला हो. आमचे हे मासे धरतायत. पळतील."

दादा! तो पाण्यात शिरून तिचा दंड धरायला गेला, तशी ती किंचाळली, हात झटकून आणखी आत सरकली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, म्हणतात ते असं. तो जागच्या जागी थांबला. जबरदस्ती केली तर ती नदीत जाईल, नुसता उभा राहिला तरी जाईल. आता देवानंच पाठवावं कुणाला तरी, असं वाटलं. पण तिथं होतं कोण? तो, ती आणि हातातला दोर.

त्यानं आवाज खाली आणला. "वहिनी," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा आपल्या बायकोला वहिनी म्हणाला. "तुमच्या माणसाचाच दोर आहे हा. जरा दगडावर बसून धरता का? मी त्यांना बघून येतो."

तिनं संशयानं बघितलं. पण दोर दिसल्यावर हात आपोआप पुढे आला. ती मागे सरली, दगडावर बसली, दोर बोटाला गुंडाळला, एकदा, दोनदा, पूर्वीसारखाच.

त्यानं दुसरं टोक मुठीत घेतलं आणि तो पाण्यात उतरला. छातीपर्यंत गेला, काठावरून दिसणार नाही इतका. पाणी बर्फासारखं. त्यानं दोर ओढला.

काठावरून काही नाही. ती गेली उठून. सोडला दोर. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो ओरडणार होता, पण दोर मुठीत अजून ताठ होता. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून गप्प बसलं होतं. वाट बघत होतं.

मग त्याला समजलं. त्यानं दुसऱ्यांदा ओढला.

आणि तिनं असा हिसका दिला, की म्हातारा पाण्यात तोंडावर पडता पडता वाचला. ती हातावर हात टाकत ओढत राहिली आणि तो धडपडत, ठेचकाळत तिच्या पायांशी येऊन पडला. निथळत होता, रडत होता, पण पाण्यात रडणं कुणाला दिसतंय?

तिनं वाकून त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"आलात?" ती म्हणाली. "किती मिळाले?"

"एकच."

"एवढ्या रात्रीत एकच? मोठा तरी आहे का?"

"म्हातारा आहे गं," तो म्हणाला.

"असू दे. चला घरी. मी दार उघडंच टाकून आलेय."

ती पुढे निघाली. उद्या अंधार पडला की हे सगळं पुन्हा पुसलं जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोर सोडायला तिनं काही बोट ढिलं केलं नाही, आणि त्यानंही मागितला नाही. तो दोराच्या दुसऱ्या टोकाला धरून तिच्या मागून चालत राहिला.