नदीच्या वतीने पिग्रेस

माझ्या मामाच्या नावेतून पलीकडे जायचं तर दोन गोष्टी द्याव्या लागत, एक ओबोल, म्हणजे छोटं नाणं, आणि एका प्रश्नाचं उत्तर. ओबोल नसला तर तो सोडून द्यायचा. उत्तर सोडायचा नाही.

पिग्रेसमामा मायांद्रोस नदीवर तर, म्हणजे उतारूंची ने-आण करणारी नाव, चालवायचा. आमच्या गावापाशी ही नदी इतकी वळणं घेते, की समुद्राला जायचं तिच्या मनात आहे की नाही अशी शंका यावी. मिलेटस शहरातले लोकरवाले, मेंढ्या हाकणारे कारियन लोक, नवस फेडायला निघालेल्या बायका, सगळे त्याच्या सपाट बुडाच्या नावेत दाटीने उभे राहत. नाव काठावरून सुटली, की लांब काठी गाळात रोवत तो विचारायचा, "हे सगळं कशाचं झालं असेल हो?"

"कशाचं म्हणजे? काय सगळं?"

"मेंढी, दगड, तुमचं नाक."

शहरात अशा प्रश्नांवर लोक दुपारभर बोलत बसतात, हे त्याला उतारूंकडूनच कळलं होतं. एकाने सांगितलं, सगळं पाण्याचं. मामाला ते लगेच पटलं. नदीच्या मुखाशी दरवर्षी पाण्यातून नवी जमीन वर येताना त्याने पाहिली होती. मग दुसऱ्या एकाने सांगितलं, हवेचं. त्याने तळहातावर फुंकर घालायला लावली. ओठ आवळून फुंकलं तर गार लागतं, तोंड उघडून श्वास सोडला तर ऊन. म्हणजे हवाच दाटली की गार होते, सैल पडली की ऊन. फार दाटली की दगड होत असेल.

त्या संध्याकाळी मामा जेवायचं सोडून हातावर फुंकत बसला. मामी गेल्यापासून तो आमच्याकडेच जेवायचा. माझी आई मेलिन्ना त्याची धाकटी बहीण. ती म्हणाली, "दादा, भाकरी कशाचीही झालेली असो, गार होतेय."

आता खटल्याबद्दल. आमच्याकडे नदीवर खटला भरता येतो. पुराने कुणाची जमीन कापून नेली, तर तो गावच्या तीन वडीलधाऱ्यांपुढे नदीला आरोपी करतो. नदीला बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीने तरीवाला बोलतो, गुडघाभर पाण्यात उभा राहून. नदी हरली, तर पुढच्या दोन सुगींपर्यंत तरीचं सगळं उत्पन्न फिर्यादीचं. नदीकडे दुसरी कमाई कुठली?

त्या वसंतात नदीने फानिआसचं जवाचं शेत नेलं, बांधावरच्या अंजिरांसकट. फानिआस वाईट माणूस नव्हता, पण त्याच्याकडे ते एकच शेत होतं. आणि मामाकडे ती एकच नाव होती. दोन सुगी हातात काही आलं नाही, तर नाव विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि एकदा नाव गेली की तरीचा हक्कही दुसऱ्याकडे जाणार. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

खटल्याच्या सकाळी आम्ही बायका घडे घेऊन काठावर उभ्या राहिलो. पाणी भरायला कुणाला घाई नव्हती. मामा पाण्यात उतरला, रिवाजाप्रमाणे चिमूटभर जव नदीत सोडले आणि म्हणाला, "बोल, फानिआस."

"बोलायचं काय? या नदीने माझं शेत खाल्लं."

"कुठल्या नदीने?"

"डोळे गेले का तुझे? तू उभा आहेस तिने!"

"हिने?" मामाने ओंजळभर पाणी उचललं. "ही तर आज सकाळी डोंगरातून आली. तुझं शेत खाल्लं ते पाणी कधीच समुद्रात गेलं. जा, धर त्याला. शेजाऱ्याने चोरी केली म्हणून तू परगावच्या पाहुण्याला दंड करशील का?"

काठावर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "फानिआस, समुद्रावर खटला भर!" वडीलधाऱ्यांपैकी दोघे दाढीत हसत होते. आईने माझा दंड दाबला. खटला जिंकल्यातच जमा होता.

फानिआस हसला नाही. त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "पिग्रेस, तुझ्या आजोबांना गावाने या नदीवरची तर दिली ना? ती नदीही गेलीच की समुद्रात. मग आज तू कुठल्या हक्काने नाव चालवतोस?"

मी मामाच्या तोंडाकडे पाहिलं. तो घाबरला असेल असं मला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा उजळला होता, खूप दिवसांनी कुणी चांगली भेट आणावी तसा.

"हा प्रश्न मला सुचायला हवा होता," तो म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत मुदत द्या."

दिवसभर तो काठावर बसून होता. पाण्यात काटक्या टाकायचा आणि त्या कशा जातात ते बघायचा. काटक्या वेगवेगळ्या, पण प्रत्येक काटकी त्याच जागी गिरकी घेई, त्याच दगडाला वळसा घालून त्याच वळणाआड दिसेनाशी होई. आई त्याच्याजवळ ऑलिव्ह आणि भाकरी ठेवून आली. "दादा, उद्या नुसतं म्हण, हक्क गावाने दिलाय, पाण्याने नाही. पुरे तेवढं. उगाच खोलात जाऊ नकोस."

"पण ते खरं आहे का, मेलिन्ना?"

"चूल पेटायला पुरेल इतकं खरं आहे."

दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा गुडघाभर पाण्यात उभा राहिला. "काल मी चुकलो," तो म्हणाला. "नदी म्हणजे पाणी नव्हे. पाणी येतं आणि जातं. त्याची जायची रीत राहते. ही रीत आजोबांच्या वेळी होती, पुराच्या वेळी होती, आजही आहे. तेव्हा तरीवरचा माझा हक्क खरा. आणि फानिआसचं शेत हिनेच खाल्लं."

"अरे लेका, तू नदीकडून बोलतोयस ना?" सगळ्यांत थोरले म्हातारे वैतागून म्हणाले.

"तिच्याकडूनच बोलतोय, आजोबा. जिंकलो असतो, तर ती उरलीच नसती."

नदी हरली. घरी आल्यावर आई म्हणाली, "आता ती रीत शिजवून वाढते तुला."

दुसऱ्या सकाळी फानिआस आपलं उत्पन्न गोळा करायला नावेत येऊन बसला. त्याला नाव चालवता येत नव्हती, आणि मामा उपाशी राहिला तर तीही जागची हलणार नाही, हे त्याच्या लवकरच ध्यानात आलं. मग तो रोज बायकोकडून दोघांची शिदोरी आणू लागला: जवाची भाकरी, खारवलेला मासा, कधी घरामागच्या झाडाचे अंजीर. नाव विकायचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. उतारूंना मामा प्रश्न विचारायचा आणि फानिआस ओबोल घ्यायचा. पुढे पुढे फानिआस ओबोल घ्यायला विसरू लागला, कारण उत्तर ऐकायचं राहून जाई.

दुसरी सुगी संपत आली होती. मी पलीकडे मासळी विकायला निघाले होते. नावेत आम्ही तिघं आणि एक बकरीवाला. नदीच्या मध्यावर फानिआस म्हणाला, "पिग्रेस, तू म्हणालास, रीत राहते."

"राहते."

"मग ते वळण बघ. खटल्याच्या वेळी त्या वाळुंजाच्या झाडाच्या अलीकडे होतं. आता पलीकडे आहे. रीतसुद्धा सरकते की."

मामाने तिकडे पाहिलं आणि काठी रोवायची थांबवली. नाव हळूहळू आडवी होऊन प्रवाहाला लागली.

"अहो, काठी मारा ना!" बकरीवाला ओरडला.

"म्हणजे मी उगाच हरलो?" मामाने विचारलं.

"तेच म्हणतोय मी," फानिआस म्हणाला. "दोन सुगी झाल्या, मला झोप नाही त्यापायी."

दोघे मोठ्याने हसले. बकरी ओरडत होती, वळण जवळ येत होतं. शेवटी मीच काठी हातात घेतली.