गजराबाईंची मागची खोली

नंदुरबारला आमच्या गल्लीत 'गजरा सायंटिफिक' अशी पाटी आहे. बायकोचं नाव कारखान्याला दिलं म्हणून नवलभाऊंना लोक अजून चिडवतात. मला त्यात कधी हसू आलं नाही. कारखाना नवलभाऊंचा, काम गजराबाईंचं, आणि दुखणंही त्यांचंच.

शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना लागणारे थर्मामीटर इथे बनतात. नवलभाऊंचे वडील सुपडूबाप्पा सुरतेला काचेचं काम शिकून आले, तापीकाठची थोडी जमीन विकली आणि या दोन खोल्या बांधल्या. पुढच्या खोलीत पुरुष काच फुंकतात, भरलेली नळी बर्फात आणि उकळत्या पाण्यात धरून खुणा करतात, गिऱ्हाइकांना चहा पाजतात. मागच्या खोलीत बायका पारा भरतात. नळीच्या टोकाचा फुगा तापवायचा, दुसरं उघडं टोक पाऱ्यात बुडवायचं, की निवताना पारा आपोआप वर चढतो. मग राहिलेली हवा निघावी म्हणून तो नळीतच उकळायचा. खोलीला एकच खिडकी, तीही बंद, कारण वाऱ्याने ज्योत हलते.

आत जाण्याआधी बाईने अंगावरचं सोनं काढून दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायचं, हा घरचा रिवाज. पारा सोनं खातो, मणी पांढरे पडतात. गजराबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात त्यांना मंगळसूत्र काढायला लावलं होतं. सोन्याची एवढी काळजी! ते घालणारीचं काय होतं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

पुढे ती सासू भ्रमिष्ट झाली. हात थरथरायचे, हिरड्यांतून रक्त यायचं, माणूस दिसलं की कोपऱ्यात तोंड लपवायची. बाहेरचं काही असेल म्हणून तिला भगताकडे नेलं, कोंबडं कापलं. तरी ती गेली. तिच्या जागी गजराबाई बसल्या, त्या मुलगा भाग्येश मोठा होऊन लग्नाला आला तरी उठल्या नाहीत.

मग त्यांचाही हात हलायला लागला. आधी चहाची बशी, मग कुंकवाचं बोट. जीभ जड झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काय काम करता ते विचारलं आणि स्पष्ट सांगितलं, पारा सोडा, त्याची वाफ अंगात भिनली आहे. नवलभाऊ तिथेच बोलले, "मी बी याच घरमा ऱ्हास. माले काय व्हयनं?" पुढच्या खोलीत बसणाऱ्याला असं बोलायला काय जातं?

गजराबाईंना मात्र त्या दिवशी सगळं उमगलं, सासूचं काय झालं होतं तेही. स्वतःचं त्यांनी सोडून दिलं. भाग्येशचं नुकतंच लग्न झालं होतं. सून रुपा या खोलीत बसता कामा नये, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. खोलीची किल्ली कमरेला खोचली. हलत्या हातांनी निम्म्या नळ्या फोडल्या, नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्या, पण पोरीला उंबरा ओलांडू दिला नाही.

गल्लीला काय, बोलायला विषय मिळाला. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, पण ही म्हातारी सुनेला तिचे दिवस द्यायला तयार नाही म्हणे! रुपालाही तसंच वाटायचं. अंगात काम असलेली पोर, नुसती बसून राहिली की तिचा जीव गुदमरायचा. एकदा माझ्याजवळ रडली तेव्हा मी म्हटलं, "वं माय, ती तुले वाचाडी ऱ्हायनी." तिने मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं.

या मे महिन्यात शाळांची मोठी ऑर्डर आली. रुपाला पाचवा महिना होता. दुपारी गजराबाईंचा डोळा लागल्यावर नवलभाऊंनी त्यांच्या कमरेची किल्ली काढून घेतली आणि सुनेला आत बसवलं. ती आनंदाने गेली, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

गजराबाई जाग्या झाल्या तेव्हा खिळ्यावर रुपाचं मंगळसूत्र लटकत होतं. त्या आत शिरल्या आणि त्यांनी पाऱ्याची जड बरणी उचलली. मोरीत ओतायची होती की अंगणात फेकायची, कुणास ठाऊक. त्या हातांना ती पेलणार थोडीच! बरणी तिथेच फुटली. आवाज ऐकून मी धावले तर पाऱ्याचे गोळे फरशीवर सैरावैरा पळत होते, फटींत शिरत होते. पत्र्याखाली खोली भट्टीसारखी तापली होती.

"एक थेंब वाया नको जावाले!" नवलभाऊ ओरडले.

मी म्हटलं, "पहिले पोरले बाहेर काढा. तिना पोटमा लेकरू शे."

"तुमी तुमनं घर दखा."

भाग्येश दारातच उभा राहिला. बापासमोर तोंड उघडायची त्याची कधी छातीच झाली नाही. रुपा पोट सांभाळत खाली बसली आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याने गोळे तळहातावर ढकलू लागली. गजराबाई गुडघ्यांवर तिच्याजवळ सरकल्या. तिचं मनगट धरून ओढत होत्या, ओठ हलत होते, पण शब्द काही सुटत नव्हता.

"माय, तहान लागनी का?" रुपाने विचारलं. तिने उठून त्यांना पाणी पाजलं, तोंड पुसलं, भिंतीला टेकवून बसवलं आणि परत पारा वेचायला बसली.