दादाच्या काठीवरचा नऊ

गोल्फच्या सराव-मैदानामागे पत्र्याची एक खोली होती. तिथे काठ्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळे डिंक्या म्हणत. त्याच्या बोटांना कायम काही ना काही चिकट लागलेलं असे. याच्याशी हात मिळवला तर संध्याकाळपर्यंत सुटका नाही, असं मेंबर मंडळी म्हणत आणि तोही हसून घेई. काठीचं डोकं दांड्याला चिकटवायचं, झिजलेली मूठ कापून नवी चढवायची आणि नवशिक्यांना पहिला ड्रायव्हर निवडून द्यायचा, हे त्याचं काम. ड्रायव्हर म्हणजे पहिला लांब फटका मारायची, सगळ्यांत मोठ्या डोक्याची काठी. नवा माणूस रडकुंडीला येतो तो हिच्यापायीच.

नवीन आलेल्या प्रत्येकाला कसलेल्या खेळाडूंची काठी हवी असे. डिंक्या वाद घालत नसे. काठीच्या तोंडावर पावडर फासायची आणि दहा चेंडू मारायला लावायचे, एवढंच. पावडरीवर ठसे उमटत, एक दांड्याकडच्या टाचेला, एक पलीकडच्या टोकाला, एक पार वरच्या कडेवर.

"साहेब, मधोमध एक तरी दिसतोय का?"

मग तो दुसरी काठी पुढे करी. डोकं मोठं, वजन मागे आणि कडांना पसरलेलं, दांडा हलका आणि लवचीक, तोंड बारा अंशांनी आभाळाकडे कललेलं. "ही घ्या. तुमच्या चुका पोटात घालील. चेंडू आपोआप वर उचलेल. हिच्यावर दोन-तीन वर्षं काढा, मग बघू."

ही सगळी विद्या दादाची. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. वडील लवकर गेले आणि दहा वर्षांनी मोठ्या दादानेच याला वाढवलं. जन्मभर त्याने खेळाडूंच्या काठ्यांच्या पिशव्या खांद्यावर वाहिल्या. सोमवारी सकाळी मैदान या पिशवीवाल्यांसाठी मोकळं असे, तेव्हा दादा नऊ अंशांची, लोखंडी दांड्याची काठी घेऊन खेळे. नऊ अंश म्हणजे तोंड जवळजवळ उभं. तिथे चुकीला माफी नाही. दादाला तिची गरजही पडत नसे.

त्याने धाकट्याला शिकवलं ते आकड्यांवर हात ठेवून. काठीच्या तळावर अंशांचा आकडा रंगवलेला असतो. तो झाकायचा आणि विचारायचा, "किती?"

"आकडा दिसला तर सांगीन ना."

"आकडा काय, कुणीही रंगवतो. काठी जमिनीवर टेक आणि वरून बघ. तोंड किती दिसतंय?"

पुढे दादाला कंपवात झाला. आधी उजवी करंगळी थरथरायला लागली, मग हात, मग चहाचा कप. नवाच्या काठीने चेंडू जमिनीलगत सरपटत जाऊ लागले. सोमवारची मंडळी दुसरीकडे बघत, आणि ते बघणं दादाला जास्त झोंबे. एकदा बाकावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "ज्या दिवशी शिकाऊंची काठी माझ्या हातात येईल, त्या दिवसापासून इथे पाय ठेवायचा नाही. ठरलंय माझं."

सोमवार सुटला तर दादा खाटेला खिळणार, हे डिंक्याला दिसत होतं. तो आठवडाभर खोलीत बसला. बारा अंशांचं मोठं, दयाळू डोकं घेतलं, त्याच्यावरची रंगीत नक्षी खरवडली, काळा रंग दिला. दांडा मऊ घातला, मूठ जाड चढवली. तळावरचा बारा घासून काढला आणि छाप धरून पांढऱ्या रंगात सरळ, रेखीव नऊ काढला.

"हल्ली नऊसुद्धा मोठ्या डोक्यात येतो," त्याने ठोकून दिलं. "बघ मारून."

दादाने काठी जमिनीवर टेकली. वरून बराच वेळ बघितलं. मग तळ उलटा करून आकडा बघितला आणि म्हणाला, "छान रंगवलंयस." आणि मारला. चेंडू उंच उठला आणि सरळ गेला. दादा हसला आणि डिंक्याचा जीव भांड्यात पडला.

दोन वर्षं असं चाललं. डिंक्याच्या मनाला एकच घोर. दादा सवयीने दर खेळानंतर काठी स्पिरिटने पुसायचा, आणि रंग तर साधाच होता. पण दर सोमवारी लांबून बघावं तर नऊ जागच्या जागी. आपल्या रंगावर तो खूश होता. फक्त एक गोष्ट राहून जाई. घरी परतताना पाच-सहा वेळा त्याच्या ओठांवर आलं होतं, दादा, भीती वाटते का रे? पण काठीवर नऊ असताना हे विचारायचं कसं? दादाला काही झालेलंच नाही, असं दोघांचं चाललेलं. मग ते हवापाण्याच्या गप्पा मारत चालत.

दादा गेला. पंधरा दिवसांनी वहिनी काठी घेऊन खोलीत आली. "तुमच्याकडेच असू दे, भाऊजी."

डिंक्याने काठी दिव्याखाली धरली. नऊ त्याचा नव्हता. रंगाचे थरावर थर चढलेले, वरचा गोल फेंगडा, शेपूट वाकडीतिकडी होत कडेपर्यंत गेलेली.

"हा कुणी काढला?"

"त्यांनीच. पुसला गेला की रंगाची बाटली घेऊन बसायचे. हात स्थिर राहायचा नाही, म्हणून मनगट मी धरायची. पहिल्याच दिवशी घरी येऊन म्हणाले होते, पोराने बारा दिलाय मला. मी म्हटलं, मग सांगून टाका की. तर म्हणाले, नको, आठवडाभर खपलाय तो. त्याला वाईट वाटेल."

डिंक्याने त्या फेंगड्या नवावरून अंगठा फिरवला. ज्या माणसाने आपल्याला आकडा न बघता काठी ओळखायला शिकवलं, त्यालाच आपण आकडा रंगवून फसवायला निघालो होतो. आणि त्या माणसाने थरथरत्या हाताने आपला खोटेपणा दोन वर्षं जपला. दोघांनाही सगळं माहीत होतं. सोमवारच्या त्या वाटेवर दोघांनाही बोलता आलं असतं. त्याला रडू आवरेना. वहिनीने स्टूल पुढे ओढलं आणि ती शेजारी बसून राहिली.

"भीती वाटायची का त्याला?" त्याने विचारलं.

"खूप," वहिनी म्हणाली. "तुम्ही विचाराल म्हणून वाट बघायचे."