फाट्यावरच्या पाट्या

मुळशी तालुक्यात रस्ता चुकायचा असेल, तर आधी माझ्या चुलतसासऱ्यांची परवानगी काढावी लागते. पौडपासून ताम्हिणीच्या घाटापर्यंत त्यांच्या तावडीत सापडून कोणी चुकला, असं माझ्या ऐकिवात नाही. आणि त्यांच्या तावडीत न सापडता कोणी पुढे सटकला, असंही नाही. सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ ताम्हिणीच्या रस्त्यावर, जांभूळटेप नावाच्या आमच्या सासुरवाडीच्या फाट्यावर, सकाळचं दूध काढून झालं की येऊन बसतो. हातात बारा महिने छत्री. ती पावसासाठी कमी आणि दिशा दाखवायला जास्त. एखाद्या गाडीचा वेग जरा मंदावला की छत्री आडवी झालीच म्हणून समजा. "कुटं जायाचंय?" गाडीतला बिचारा म्हणतो, कुठे नाही हो, डोंगराचा फोटो काढायला थांबलोय. "मग हितं काय घेताय फोटू? फोटूची जागा फुडं हाय," असं म्हणत हे मागचं दार उघडून आत बसतात, ती जागा दाखवतात, फोटो नीट आला की नाही ते तपासतात आणि तेवढा रस्ता चालत परत येतात. त्यांना कोणी विचारलं नाही तर ते सांगतात, आणि विचारलं तर पोचवूनच येतात.

पोचवावं लागतंच म्हणा, कारण त्यांनी नुसता सांगितलेला रस्ता ब्रह्मदेवालाही सापडायचा नाही. त्यांच्या सगळ्या खुणा नाहीशा झालेल्या आहेत. "हिरड्याखालनं उतरा, गोठ्यापासनं उजवीकडं वळा, की आलंच." रस्ता रुंद करताना हिरडा गेला आणि गोठ्याच्या जागी पुण्याच्या एका डॉक्टरांचा पोहायचा तलाव आहे. मी एकदा धीर करून तसं म्हटलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "झाड गेलं, जागा कुटं गेली?" जावयाला तर त्यांच्याकडून खास वागणूक. लग्न झाल्यापासून आजवर मी जितक्या वेळा वाडीवरून परत निघालो, तितक्या वेळा ते फाट्यापर्यंत आले आणि त्यांनी मला माझ्याच घरचा रस्ता सांगितला. "जावईबापू, फुडली दोन वळणं सोडा, मग सरळ पौड. मधी कुटं वळू नका." पौडला माझा जन्म झाला. रस्ता एकच आहे. वळायचं म्हटलं तरी एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला धरणाचं पाणी. पण "हो काका" म्हटल्याशिवाय माझ्या मोटारसायकलला किक मारायची सोय नाही.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे पाट्या. त्या फाट्यावर एका जुन्या खांबावर इतक्या पाट्या आहेत की खांब दिसत नाही. फार्महाऊसच्या, ढाब्यांच्या, प्लॉटच्या, कुठल्याशा योगशिबिराच्या. निम्म्या ठिकाणांचा पत्ता नाही, पण पाटी जागेवर. कुणाचीही पाटी काढायची नाही, हा काकांचा कायदा. वाऱ्याने पडली तर ते उचलून परत ठोकतात, धूळ बसली तर छत्रीच्या टोकाला फडकं बांधून पुसतात. घरगुती चिकन थाळीचा एक ढाबा केव्हाच बंद पडला; त्याची पाटी वाचत एक कुटुंब मुलाबाळांसह भर दुपारी थेट वाडीत पोचलं. काकांनी पाटी काढली नाही. त्यांनी काकूंना पिठलं-भाकरी टाकायला लावली. काकू भडकल्या, की ढाबा त्यांचा आणि चूल आमची का म्हणून? काका म्हणाले, "पाटी वाचून आल्यात ती. उपाशी कशी धाडू?" हा प्रकार पुढे इतक्यांदा झाला, की काकूंनी अखेर कोंबड्या पाळल्या.

जमिनीचे दलाल आले तरी त्यांना चहा मिळतो. चहा झाला की काका विचारतात, पिरंगुटला जाणार की मुळशीला? आणि जिकडे जायचं तिकडचा रस्ता सांगतात. एवढंच उत्तर. वाडीतल्या बाकीच्यांनी मात्र आपापले गुंठे कधीच मोकळे केले. कोणी पिरंगुटला दुकान टाकलं, कोणी जांबे गावात खोल्या बांधून आयटीतल्या पोरांना भाड्याने दिल्या. चार घरं उरली. वाडीच्या माळावर बंगल्यांचा मोठा प्रकल्प आला, त्याच्या इंग्रजी नावात कुरण आहे. माझी बायको म्हणते, कुरण तिथे आधीपासून होतंच, मराठीत होतं तोवर कोणी ढुंकून बघितलं नाही. वाडीत शिरायच्या जुन्या वाटेवर फाटक बसलं, नवी वाट पलीकडून निघाली, आणि मोबाइलच्या नकाशावर त्या जागी प्रकल्पाचं नाव लागलं. जांभूळटेप टाकलं, की नकाशा माणसाला भलत्याच गावाला नेऊन सोडायचा.

याचा फटका बसला वाघजाईच्या जत्रेला. मागच्या जत्रेला पालखी उचलायला वाडीची माणसंच जमली नाहीत. पोरं निघाली होती म्हणे, पण नकाशाने फिरवली आणि कंटाळून घरी परतली. शेवटी काका, मी आणि प्रकल्पावर काम करणारे बिहारकडचे दोन गवंडी, असे चार खांदे लागले. काकांनी गवंड्यांना मानाचे नारळ दिले, फेटे बांधले, मोठ्या सन्मानाने वाटेला लावलं, आणि देवळाच्या पायरीवर बसून मला म्हणाले, "देवीला खांदा कुणाचाबी चालतुया. त्या पोरांचं उपकार हायेत. पर वाडीचा एकबी खांदा नगं व्हय? म्या म्हातारा आन् तुमी जावई. फुडल्या जत्रंला पालखी उठली न्हाई, तर पुन्यांदा उठायची न्हाई बगा." छत्री मांडीवर आडवी होती. ती कुठलीच दिशा दाखवत नव्हती.

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात माल रवाना करायच्या विभागात आहे. संगणकावर दिवसभर पत्तेच टाकतो. मी म्हटलं, काका, वाडीची वेबसाइट करू. देवीचा फोटो, जत्रेचा दिवस आणि नव्या वाटेचा नकाशा. नाव उघडलं की माणूस देवळापाशी. काकांना ते इतकं पटलं की देवीच्या फोटोसाठी त्यांनी मला सलग तीन रविवार राबवलं. वेबसाइट झाली. पण इंटरनेटवरची एका कंपनीची फुकटची जागा, त्यामुळे पत्त्यात वाडीच्या नावाला त्या कंपनीच्या नावाचं लांबलचक शेपूट. काकांनी ते पाहिलं आणि चष्मा काढला. "म्हंजी वाडी आमची, देवी आमची, आन् पाटी पावन्याची? न्हाई जमायचं." शेपूट कापायचं तर वाडीचं स्वतःचं नाव विकत घ्यावं लागणार होतं. ते घेतलं. काकांनी त्याच दिवशी जत्रेच्या पत्रिका छापायला टाकल्या आणि त्यावर ठळक अक्षरांत ते नाव घातलं. नाव अजून कुठे पोचतच नव्हतं, पण काकांच्या कामाची पद्धतच ती: आधी पाटी लावायची, मग रस्ता करायचा.

आता नाव घेतलं इंटरनेटवरच्याच एका दुकानातून आणि वेबसाइट दुसऱ्याच कंपनीच्या जागेत. नाव घेऊन आलेल्या माणसाला कुठे धाडायचं, हे दुकानाच्या एका पानावर ओळीने लिहून ठेवावं लागतं. त्या पानाला म्हणतात डीएनएस आणि ओळीला रेकॉर्ड. हे मी पडवीत लॅपटॉप मांडून त्यांना समजावून सांगत होतो, तर मला मध्येच थांबवून म्हणाले, "फाट्यावरची पाटीच की वो ही! एवढ्याला इंग्रजी कशापायी?" नवी ओळ त्यांनी स्वतः टाकली. मी वेबसाइटच्या जागेचे आकडे वाचले, त्यांनी एकेक कळ देवाला फूल वाहावं तशी दाबली. पण त्या पानावर दुकानाने आधीच स्वतःची एक ओळ घालून ठेवली होती, आणि सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं, की जुनी ओळ काढून टाका. मी तिच्यावर बोट नेलं आणि छत्री आडवी झाली. "ती ऱ्हाऊ द्या. आपल्या आदी लागलेली पाटी हाय ती. तिचंबी कोन येत आसंल." मी म्हटलं, असेल बापडी. माझ्या मोबाइलवर नाव टाकलं, देवी प्रकटली. काकांनी मोबाइलला हात जोडले. बदल सगळीकडे पोचायला एक-दोन दिवस लागतात, हेही त्यांना मान्य होतं: "वाडीचा निरोप हाय, येळ लागायचाच."

आता एका नावाच्या दोन पाट्या, दोन दिशांना. मोबाइल बापडा जी आधी हाताला लागेल ती धरतो. पत्रिका घरोघर गेल्या, लोकांनी नाव टाकून बघितलं, आणि निम्म्यांना देवी दिसली. उरलेल्या निम्म्यांना दिसलं दुकानाचं रिकामं पान, आणि त्यावर इंग्रजीत ठसठशीत: हे नाव विक्रीस आहे.

मुळशी तालुक्यात 'विक्रीस आहे' हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. म्हाताऱ्याने शेवटी जमीन विकली आणि वर वाडीचं नावसुद्धा विकायला काढलं, ही बातमी एका दुपारीत पिरंगुटपासून जांब्यापर्यंत पोचली. आणि गंमत बघा, ज्यांनी आपला गुंठा न् गुंठा फुंकून खाल्ला होता, तेच सगळ्यांत जास्त पेटले. जत्रेच्या आदल्या रविवारी गाड्यांची रांगच्या रांग भांडायला निघाली. पुढच्या गाडीत काकांचा सख्खा पुतण्या, माझा मेहुणा, जांब्यात दोन इमारतींचा मालक. नव्या वाटेची कुणाला माहिती नव्हती, म्हणून सगळ्या फाट्यावर अडल्या, आणि छत्री आडवी झाली. "वाडीवर जायाचंय? या, दावतो की." मेहुणा रागाने इतका फुगला होता की त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. अशा रीतीने आपल्याशी भांडायला आलेली सगळी फौज काकांनी स्वतः पुढच्या गाडीत बसून, वळणं सांगत सांगत, आपल्या अंगणात आणून सोडली.

तिथे मेहुण्याला वाचा फुटली. "काका, जमीन इकायची व्हती तर इकायची. आमीबी इकली. पर वाडीचं नाव? नाव कशापायी इकलं?" आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. काकांनी चष्मा लावला. मी मराठीत वाचून दाखवलं. बारा महिने हातात असणारी छत्री त्यांनी खाली ठेवली आणि चष्मा काढून तो पुसत राहिले. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते पाहवलं नाही. मी भरल्या अंगणात दुकानाच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडची बाई गोड हिंदीत म्हणाली, "सर, आपके डोमेन नेम पर दो रेकॉर्ड हैं. जो पुराना है, हमारे खाली पेज का, वो डिलीट करना होगा." काकांनी फोनकडे तोंड करून विचारलं, "बाई, वो पाटी तुमारी हाय क्या? निकाली तो चलेगा ना? राग नहीं ना आयेगा?" ती जरा गोंधळली असावी, पण म्हणाली, "बिलकुल नहीं, सर. नाम तो आपका है."

मी लॅपटॉप आणून पडवीत ठेवला. काका ती जुनी ओळ बराच वेळ बघत राहिले. "आजपातुर कुनाची पाटी काढली न्हाई म्या," ते म्हणाले, मला की मेहुण्याला की त्या ओळीला कोण जाणे. "पर पाटी वाट दावायला असती. ही आपलंच घर इकाय काढतीया." आणि त्यांनी ती काढली. मेहुणा तिथेच पायरीवर बसला. काकूंनी कोंबडी कापायला घेतली, कारण माणसं पाटी वाचूनच आली होती.

जत्रेपर्यंत नाव सगळीकडे नीट पोचलं. लोक नाव टाकून सरळ देवळापाशी उतरत होते. कुणाला काही विचारावं लागलं नाही, आणि काका फाट्यावर छत्री घेऊन जवळजवळ बेकार उभे होते. पालखीला खांदे इतके झाले, की मेहुण्याची आणि पिरंगुटच्या दुकानदाराची पुढच्या दांड्यावरून बाचाबाची झाली. काकांनी दोघांना मागे सारून मागच्या वर्षीच्या गवंड्यांपैकी एकाला पुढे लावलं, उरलेला दांडा वाडीच्या पोरांना दिला, आणि स्वतः खांदा दिलाच नाही. नुसते पुढे चालत राहिले, छत्रीने वाट दाखवत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

संध्याकाळी गाड्या गेल्या. वाडीत पुन्हा चार घरं उरली. मी निघायच्या तयारीत असताना काकांनी विचारलं, "नाव आता कायमचं आपलं ना?" खोटं बोलवेना. दर वर्षी ते नव्याने घ्यावं लागतं, मी सांगितलं, दुकानाचा तसा निरोप येतो. कोणी लक्ष दिलं नाही तर नाव परत दुकानात जातं, आणि मग ती विक्रीची पाटी पुन्हा लागते. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मग निरोप तुमाला येऊ द्या. म्या किती दिस ध्यानात ठिवीन?" मी तिथेच उभ्या उभ्या दुकानाच्या पानावर माझा ईमेल घातला.

ते नेहमीसारखे फाट्यापर्यंत आले. मी मोटारसायकल सुरू केली आणि थांबलो, ती दोन वळणं ऐकायला. काका प्लॉटची एक वाकडी झालेली पाटी सरळ करत होते. ती झाल्यावर वळले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "या आता. वाट तुमाला म्हायती हाय."

पौडपर्यंत रस्ता एकच आहे. त्या संध्याकाळी मला तो पहिल्यांदाच लांब वाटला.