खिशातला सेल

गिंडीतल्या त्या स्पीकर दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांच्या खिशात कायम एक पेन्सिल सेल असायचा. गिऱ्हाइकांशी ते तमिळ बोलत. माझ्याशी मात्र घरातली तंजावरी मराठी, तमिळ हेल काढत, मोठ्या हौसेने.

त्यांनी दुरुस्त केलेले दोन स्पीकर मी घरी जोडले, तर तबल्यातला डग्गाच ऐकू येईना. मी दुकानात जाऊन चारचौघांत म्हणालो, "जुना माल घातलात तुम्ही."

ते माझ्याबरोबर घरी आले. अँप्लिफायरपासून स्पीकरच्या तारा सोडवून त्यांनी दोन्ही जोड्यांच्या टोकांना आळीपाळीने, एकाच बाजूने, सेल टेकवला. एका स्पीकरचा पडदा बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला.

"दोन्ही बरे आहेत, सार. एकाच्या तारा उलट्या लागल्यात. हा हवा पुढे ढकलतो तेव्हा तो मागे ओढतो. मग दोघांच्या लाटा एकमेकींना खातात."

तारा मीच जोडल्या होत्या. त्यांनी त्या बदलल्या आणि डग्गा खोलीभर घुमला. मी कॉफीचं विचारलं. माफी मागायची राहूनच गेली.

अजूनही दुकानात गेलो की ते आदराने खुर्ची पुढे करतात, घरच्यांची चौकशी करतात. तमिळमध्ये.