मागून बटणांचे झगे

शाळेची घंटा होण्याआधी फातिमा तळहात चोळून बोटं गरम करायची. एसीच्या वर्गात गार बोट मानेला लागलं की पोरं खांदे आक्रसायची. मग मुलं तिच्याकडे पाठ करून रांगेत उभी राहत आणि ती एकेकाच्या निळ्या चौकडीच्या झग्याची बटणं खालून वर लावत जाई. हे झगे मागून उघडे, ज्याची त्याला बटणं लावता येत नसत. फ्रान्समध्येसुद्धा आता ते फारसं कुणी घालत नाही, पण कुवेतमधल्या हवल्लीतल्या त्या छोट्या फ्रेंच बालवाडीच्या लेबनानी मोठ्या बाईंनी ती रीत जपली होती. झगा चढला की साहेबाचं पोर कुठलं आणि ड्रायव्हरचं कुठलं ते कळू नये, असं त्या म्हणत. फातिमाला ते फार पटलं होतं. या रांगेत आपली माहीन उभी राहिली तर तीही वेगळी दिसणार नाही, असं तिच्या मनात येई.

माहीन हर्णैला होती, नणंदेकडे. नवऱ्याची होडी परत आली नाही त्या वर्षी, म्हणजे त्र्याण्णवात, चार वर्षांच्या पोरीला ठेवून फातिमा कुवेतला आया म्हणून आली. एकदा गेले तर पुन्हा व्हिसा मिळेल याची खात्री नव्हती. घरी जाणं लांबत गेलं.

उन्हाळी सुट्टीआधी उरलेल्या कापडाचा एक झगा ती माहीनसाठी शिवायची. वर्गातली अंगानं माहीनसारखी वाटणारी एखादी पोर समोर उभी करून माप घ्यायची. छातीवर लाल दोऱ्यानं नाव काढायची, शाळेतल्या झग्यांवर असे तसंच, आणि दापोलीकडे निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत द्यायची. मिळाला, छान आहे, असं नणंद फोनवर सांगे.

कुवेतच्या महबूला भागातल्या खोलीत तिच्यासोबत नाशिकची पद्मजा राहायची, पेशानं नर्स. एका शुक्रवारी तिनं नवा झगा उचलून पाहिला.

"पोरगी कितवीत आहे गं आता?"

"आठवीत जाईल."

पद्मजानं तो स्वतःच्या पोटाशी धरला. "फातिमा, हा चार वर्षांच्या मुलीचा आहे."

फातिमा हसायला गेली. मग तिनं झगा काढून घेतला आणि कितीतरी वेळ शिवणीवरून अंगठा फिरवत बसली. वर्गातली मुलं मोठी झाली की वरच्या शाळेत जात, सप्टेंबरात पुन्हा तेवढीच नवी येत. तिच्या हाताखाली कुणी वाढलंच नव्हतं.

त्या उन्हाळ्यात ती व्हिसाची पर्वा न करता घरी गेली. उंबऱ्यात ओढणी घेतलेली उंच मुलगी उभी होती. फातिमाचा हात पुढे झाला तो सवयीनं, कमरेएवढ्या उंचीवर, आणि तिथंच राहिला.

"बसा," माहीन म्हणाली. "पाणी आणते."

पेटीत झगे होते, एक सोडून कुणाचीही घडी मोडलेली नव्हती. पहिला तेवढा माहीनच्या अंगाला लागला होता. वहिनीचं मन मोडू नये म्हणून नणंद इतकी वर्षं गप्प राहिली होती. सुट्टीभर माहीन अदबीनं वागली, पाहुण्यांशी वागावं तशी. अम्मी ती नणंदेला म्हणायची. फातिमानं तिला टोकलं नाही.

व्हिसाचं निभावलं. परतल्यावर ती दर शुक्रवारी फोनच्या दुकानात रांग लावू लागली. काय जेवलीस, पेपर कसा गेला, एवढंच विचारायची. माहीन आधी मोजकं बोलायची. पुढे मैत्रिणींची भांडणं सांगू लागली, भूमितीच्या बाईंची नक्कल करून दाखवू लागली. फातिमा ऐकत राही. एका हाकेची वाट बघत होती ती, पण तोंडानं कधी मागितली नाही.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. पद्मजानं इस्पितळात नेलं, तिथून ती परत आली नाही. त्याआधीच्या शुक्रवारी शेवटचा फोन झाला होता. दहावीच्या अभ्यासाचं रडगाणं चाललं होतं, आणि मध्येच माहीन सहज बोलून गेली, "अम्मी, तू परत कधी येशील?"

फातिमानं रिसीव्हर या कानाचा त्या कानाला नेला. दुकानात माणसं ताटकळली होती.

"बरं, ठेवते हां आता," ती म्हणाली. "मागं लोक उभे आहेत."