सोवळ्यातली चाळीस मिनिटं

आमच्या ह्यांना दोनदा घेरी आली. दुसऱ्यांदा तर सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यातच त्यांनी बसकण मारली. तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या छातीला एक पट्टा बांधला. पंधरा दिवस तो अंगावर ठेवायचा, अंघोळीपुरता काढायचा. हृदयाचे ठोके म्हणे घरबसल्या दवाखान्यातल्या संगणकावर दिसतात. ठोका मध्येच थांबत असेल तर पेसमेकर, नसेल तर गोळ्यांवर भागेल.

मला पहिला संशय आला तो पट्ट्याचाच. आम्ही भांडलो तर तेही तिकडे कळत असेल, म्हणून मी दोन दिवस गोड बोलले. ह्यांना त्याचाच जास्त धक्का बसला असावा. मग संशय गेला दवाखान्यात त्या संगणकावर बसणाऱ्या मुलीवर. ह्यांची पूजा आटोपते न आटोपते तोच रोज तिचा फोन. "काकू, काकांचा सिग्नल लॉस्ट दाखवतोय. बेल्ट लूज आहे का?" एवढं मोठं यंत्र आणि रोज सैल होतं? पेसमेकर गळ्यात मारायची ही तयारी, असं मी बहिणीलाही सांगून टाकलं.

सहाव्या दिवशी तिने नेमकी वेळ सांगितली. "रोज आठ ते आठ-चाळीस डेटाच येत नाहीये, काकू."

आठ म्हणजे ह्यांची पूजा. रेशमी सोवळं नेसायचं आणि सोवळ्यात पट्ट्याचं रबर चालत नाही म्हणून पट्टा काढून ठेवायचा. मीही मान डोलावली होती. फोन ठेवल्यावर मात्र ट्यूब पेटली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. या माणसाने आजवर लेंगा-बनियनवर, बातम्या ऐकत पूजा केली आहे. सोवळं ट्रंकेतून बाहेर आलं ते पट्टा आला त्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी मी दाराआड उभी राहिले. नवऱ्यावर पाळत ठेवायची लाज वाटत होती, पण हलले नाही. आरती झाली. हे पाटावरून उठले आणि उठताच भिंत धरली. डोळे पांढरे. मी धावत जाऊन कमरेला विळखा घातला, तेव्हा त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं.

भानावर आल्यावर म्हणाले, "रोज होतं. पूजेवरून उठलो की. त्या दवाखान्यातल्या मुलीला सांगू नकोस. छातीत यंत्र घालतील गं."

मी साऱ्या जगावर संशय घेत बसले होते आणि फसवत होता माझाच माणूस. संताप आला.

तेवढ्यात फोन वाजला. "काकू, आज काका ओके आहेत ना?"

ह्यांनी माझ्यापुढे हात जोडले. असं कधीच केलं नव्हतं.

"नाहीत," मी म्हणाले. "आत्ता पडता पडता वाचले. रोज पट्टा काढून पूजा करतात."

ह्यांनी पट्टा उचलला आणि माझ्याकडे पाठ केली. आकडा लावताना माझ्या हाताखाली ती पाठ थरथरत होती.